दुसऱ्या चुलीचा विस्तव

डोंगाघाटच्या गोकुळाबद्दल गावाला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, तिच्या मुरमुऱ्यात वाळूचा कण सापडत नाही. दुसरी, ती सासूला सोडून जात नाही. पहिलीचं गाव कौतुक करायचं. दुसरीचं कोडं मात्र कोणाला सुटत नव्हतं.

डोंगाघाट हे वैनगंगेच्या काठचं, ब्रह्मपुरीहून दोन कोसांवरचं गाव. नदीच्या अंगाला मासे धरणाऱ्या ढिवरांची पंधरा-वीस घरं, वरच्या अंगाला धान पिकवणाऱ्यांची. गोकुळा बावीस वर्षांची असताना तिचा नवरा मनसाराम धानोऱ्याच्या जंगलात बांबू तोडायला गेला आणि अंगात ताप घेऊन परत आला. तिसऱ्या दिवशी तो गेला. पोटी मूल नव्हतं. घरात राहिल्या दोन बायका, गोकुळा आणि तिची सासू गुणाबाई. त्यांचं एकमेकींशी नातं ज्याच्यामुळं लागलं तोच मधून उठून गेला होता.

ढिवरांच्यात तरण्या विधवेनं पाट लावला तर कोणी नाक मुरडत नाही. महिनाभरानं गोकुळाचा भाऊ पत्रू नदीपलीकडून छकडा घेऊन आला. गुणाबाईनं स्वतःच सुनेचं बोचकं बांधलं, तिच्या लग्नातल्या चांदीच्या पाटल्या त्यात घातल्या आणि दारात उभी राहून, जा बाई, तुझं वय घरात बसायचं नाही, असं सांगितलं. छकडा गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत गेला असेल नसेल, गोकुळाला आठवलं की मुरमुऱ्यासाठी तांदळाला मीठ-पाणी लावून ठेवलंय. आज वाळत घातला नाही तर वास मारेल, आणि गुणाबाईच्या कोपरात कळ असल्यामुळं ते घमेलं तिला उचलणार नाही. दोन दिवसांनी येते, असं भावाला सांगून ती उतरली. ते दोन दिवस चार वर्षं झाली तरी संपले नव्हते. पत्रू दर दिवाळीला विचारायचा आणि ती दर दिवाळीला म्हणायची, थांब ना, तांदूळ वाळत घातलाय.

गुणाबाई यावर कधी चकार शब्द बोलली नाही. बोलून दाखवण्याची त्या घरात पद्धतच नव्हती. ती पहाटे तलावावर जायची, हातजाळं टाकायची, मिळेल ती मासळी आणायची आणि कालवणातलं मुंडकं सुनेच्या ताटात वाढायची. मासळीतला सगळ्यात चवीचा भाग मुंडकं, हे ढिवराच्या पोराला सांगावं लागत नाही. चार वर्षांत गुणाबाईनं एकदाही ते स्वतःच्या ताटात घेतलं नव्हतं. गोकुळा म्हणायची की तुम्हाला नको का, तर म्हातारी दात नसल्याचं सांगायची. दात चांगले शाबूत होते. ऊस खायची ती त्यांनी.

आता त्या घरच्या चुलीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच घडलं.

त्या चुलीतला विस्तव गुणाबाईच्या सासूच्या सासूच्या वेळेपासूनचा होता, असं गुणाबाई सांगायची. रात्री शेवटचा निखारा गोवरीत घालायचा, वर राख लोटायची, सकाळी राख सारून फुंकायचं. काडीपेटी घरात होती, पण ती बिडीसाठी. चुलीला काडी लावणं म्हणजे रात्री कोणीतरी हलगर्जी केली असा त्याचा अर्थ. गुणाबाई नवरी होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या हातात दागिना दिला नव्हता, फुंकणी दिली होती.

आणि याच घरात वीस वर्षांपूर्वी एक चूल वेगळी झाली होती. गुणाबाईचा दीर बाबुलाल आणि त्याची बायको त्याच छपराखाली राहायचे. एक दिवस जाऊ म्हणाली की चुलीचा धूर डोळ्यांत जातो, मी आपली पडवीत वेगळी चूल मांडते. धुराचं कारण किती खरं होतं ते देव जाणे. आधी चूल मांडली, मग मध्ये बांबूचा तट्टा आला, तट्ट्याची भिंत झाली, अंगणात काट्याचं कुंपण आलं, आणि शेवटी बाबुलाल आपल्या वाट्याचं घर विकून गोंडपिपरीकडं निघून गेला तो पुन्हा भावाच्या मरणालाही आला नाही. वाटणीत त्यांच्याकडं सगळं अर्धं-अर्धं होतं, भांडी, जाळी, धान, पण विस्तव वाटत नसत. वेगळं होणाऱ्यानं तो गावातून दुसऱ्या कोणाच्या तरी घरून मागून आणायचा, अशी रीत होती. बाबुलालच्या बायकोनं लोहाराकडून आणला. ती विस्तव घेऊन अंगणातून गेली ते गुणाबाईनं दारातून पाहिलं होतं, आणि तेवढं तिच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही.

गोकुळा मुरमुरे करायची ते याच चुलीवर. नदीची बारीक वाळू चाळून, धुऊन कढईत तापवायची, एक दाणा टाकून बघायची, तो टचकन फुलला की मूठभर तांदूळ टाकून बांबूच्या काड्यांच्या कुंच्यानं हलवायची. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर दंडारीचा नाच चालतो, तेव्हा त्याच मुरमुऱ्यांचे गुळाच्या पाकातले लाडू करून न्यायची. पाकात सुंठ आणि जंगलातली चारोळी घालायची. पाक कधी उतरवायचा हे तिला हाताला कळायचं. तो लाडू दातानं फुटायचा पण हातात फुटायचा नाही, आणि एवढं साधणारी बाई त्या पट्ट्यात दुसरी नव्हती.

ब्रह्मपुरीत मोटारी थांबायच्या तिथं दादाजीचं चहाचं हॉटेल होतं. त्यानं एका मंडईत तिचा लाडू खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की आठवड्याला शंभर लाडू दे, बरणीत ठेवतो. गोकुळा निरोप ऐकून बाहेर जाऊन उभी राहिली आणि थोडा वेळ आत आलीच नाही. रोवणीला दुसऱ्याच्या बांधीत चिखलात उभं राहायचं, कापणीला दुसऱ्याच्या धानात वाकायचं, मंडईचे चार दिवस सोडले तर याखेरीज तिच्या हाताला काम माहीत नव्हतं. आता घरी बसून, आपल्या हातानं, आपलं काहीतरी. सासूच्या कोपराला पहाटेचं थंड पाणी लागायचं बंद होईल, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं, आणि ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

दादाजीची एकच अट होती. खाण्याच्या मालात भेसळ होऊ नये म्हणून सरकारनं कायदा केला होता. कायदा दिल्लीत झाला आणि डोंगाघाटच्या चुलीपर्यंत यायला त्याला तीन वर्षं लागली. तोवर आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाऊन बसला होता, म्हणजे राज्य हललं पण कायदा काही लवकर हलला नाही. दादाजी म्हणाला की घरी करून विकायचं तर लायसन पाहिजे, त्याशिवाय मी बरणीत लाडू ठेवला तर मलाच दंड. तेव्हा गोकुळा तालुक्याच्या कचेरीत गेली. कारकुनानं अर्ज लिहून तिचा अंगठा घेतला आणि सांगितलं, साहेब जागा बघायला येईल.

गुणाबाईला हे ऐकून हसू आलं. आजवर गावात साहेब आले ते सारा घ्यायला नाहीतर जंगलातलं लाकूड पकडायला. चूल बघायला येणारा साहेब तिनं ऐकला नव्हता. तरी तिनं घर सारवलं, चुलीला पांढऱ्या मातीचा हात दिला आणि चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी ती तलावावर गेली आणि साहेब नेमका तेव्हाच सायकलवरून आला.

तरुण होता, हडकुळा, मानेला मफलर. उंबऱ्याशी त्यानं कोणी न सांगता जोडे काढले. एवढ्यावरच गोकुळानं त्याचे पुढचे सगळे प्रश्न माफ करून टाकले. पाणी कुठल्या विहिरीचं, माठावर झाकण आहे का, गूळ कशात ठेवता, वाळू किती दिवसांनी बदलता. त्यानं तिची नखंसुद्धा पाहिली. सगळं त्याला पसंत पडलं. मग त्यानं मान वर केली. चुलीच्या वर बांबूचा माच होता आणि त्यावर तलावातली मासळी धुरात सुकत होती, तशी प्रत्येक ढिवराच्या घरी सुकत असते.

साहेबानं एक लाडू हुंगून पाहिला. दादाजीच्या हॉटेलात माळकरीही येतात, मासळी न खाणारेही येतात, तो म्हणाला. घरचा स्वयंपाक आणि विकायचा माल एका चुलीवर चालायचा नाही. विकायच्या मालाला वेगळी चूल मांडा, वेगळ्या जागी, तिथं मासळी न्यायची नाही. पंधरा दिवसांनी मी परत येतो, चूल दिसली की लायसन देतो. हे सगळं कागदावर लिहून, खाली सही करून त्यानं तिच्या हातात दिलं.

गोकुळाला यात अवघड काही दिसलं नाही. मागच्या अंगणात शेळ्यांचा कोठा रिकामाच पडून होता. संध्याकाळी गुणाबाई मासळी निवडायला बसली तेव्हा तिनं जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"साहेब मनते, लाडवासाठी चूल वेगळी पायजे. मागच्या कोठ्यात मांडून घेतली तं चालंन का, आत्या?"

गुणाबाईचा हात थांबला. तिनं मासळीकडंच पाहत म्हटलं, "बरं."

गोकुळाला ते 'बरं' होकाराचं वाटलं. ते तसं नव्हतं. म्हातारीनं दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोमारीपाशी मन मोकळं केलं. सरकारला काय लोकांच्या चुली मोजायला वेळ आहे का, ती म्हणाली. आजवर कोण 'मी वेगळी होते' असं तोंडानं बोललंय? जाऊ म्हणाली होती, धूर लागतो. सून म्हणते, साहेब सांगतो. पोरगी मोठ्या मनाची, तिनं बहाणासुद्धा गोड शोधला, आपल्याला दुखू नये म्हणून. चार वर्षं राहिली तेच पुष्कळ झालं. आपण तिचं पाऊल अडवायचं नाही.

गोकुळा तिकडं कामाला जुंपली होती. चुलीला वारुळाची माती चांगली, तडकत नाही. तिनं टोपल्यांनी ती वाहून आणली, भुसा घालून मळली, कोठा चार वेळा सारवला. लायसनच्या आनंदात तिला एक गोष्ट दिसूनही कळली नाही. त्या दिवसांत सासू तिला दोन-दोन मुंडकी वाढत होती, वर पळीभर जास्तीचं तिखट कालवण, पाहुणीला वाढावं तसं. गोकुळाला वाटलं, म्हातारी खूष आहे. ती हसत जेवायची आणि गुणाबाई तिच्याकडं बघत बसायची.

चूल मांडून झाली, वाळली. बाराव्या दिवशी गोकुळा दादाजीला सांगायला ब्रह्मपुरीला जाऊन आली. आनंदात होती, वाटेत तिनं सासूच्या कोपराला चोळायला तेलाची बाटलीही घेतली होती. परत आली तेव्हा अंगणात सोमारी खाली मान घालून बसली होती. तिच्यासमोर घरातलं सामान मांडून ठेवलं होतं. दोन ढीग होते.

एका ढिगात भाताचा पितळेचा गंज, दुसऱ्यात जर्मनचा, पण त्याला जोडीला एक जास्तीची थाळी, म्हणजे कोणावर अन्याय नको. दोन लोट्यांपैकी एक इकडं, एक तिकडं. दोन सुपं, दोन टोपल्या. बांबूच्या ढोलीतलं धान पायलीनं मोजून दोन पोत्यांत भरलेलं. मनसारामचं मोठं जाळं गोकुळाच्या ढिगात, लहान हातजाळं गुणाबाईच्या. चांदीच्या पाटल्या गोकुळाच्या ढिगावर, सगळ्यात वर. आणि पाटा होता गोकुळाकडं, वरवंटा गुणाबाईकडं.

गोकुळाला क्षणभर काही समजेना. मग समजलं. दाराशी गुणाबाई बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, कारण वाटणीला साक्षीदार बोलावला की नीट नेसून बसायचं असतं.

"तुयाच्यानं तोंडानं सांगनं होत नवतं, मनून मीच वाटून ठेवलं," ती म्हणाली. "कमी-जास्त असंन तं सोमारीपुढं सांग. मंग मनात ठेवू नोको."

गोकुळा त्या ढिगांपाशी आली. ती खाली बसली. तिची नजर पुन्हा पुन्हा त्या एकट्या पाट्याकडं जात होती.

"आत्या," ती शेवटी म्हणाली, "पाटा मायाकडं अन् वरवंटा तुमच्याकडं. मंग मिरची कोन वाटंन?"

गुणाबाईनं पदर तोंडावर घेतला. आतून तिचा आवाज आला तो लहान पोरीसारखा.

"मनूनच तं तसा वाटला. वरवंटा मांगाले तरी येशीन."

सोमारी उठून आपल्या घरी गेली. अशा वेळी तिसऱ्या माणसानं बसू नये एवढं तिला कळत होतं.

गोकुळानं आधी मुसळ उचललं आणि ती कोठ्याकडं धावली. नको मला लाडू, नको लायसन, ती म्हणत होती, जी चूल तुम्हाला असं रडवते ती मीच मोडते. म्हातारी तिच्यामागं धावली, त्या दुखऱ्या हातानं तिनं मुसळ धरलं आणि सोडलं नाही. मांडलेली चूल मोडू नये, ती म्हणाली, घराला लागतं ते. मग दोघी कोठ्याच्या दारातच बसल्या. गोकुळानं साहेबाचा कागद काढून दाखवला. गुणाबाईनं तो उलटासुलटा पाहिला. दोघींपैकी कोणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून त्या कागदाचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो तेलाच्या बाटलीचा. गोकुळा सासूचं कोपर चोळत राहिली आणि तिनं सांगितलं की हे काम तिला कशासाठी हवं होतं, पहाटेचं थंड पाणी तिला कसं दिसायचं ते. हे चार वर्षांत पहिल्यांदाच कोणी त्या घरात बोलून दाखवलं.

भांडी रात्री पुन्हा जागच्या जागी गेली. पण गोकुळानं मनाशी ठरवलं होतं, साहेब आला की त्याला नाही म्हणायचं. म्हातारी आता हो म्हणेल, वरून हसेलही, पण रोज कोठ्यातून निघणारा धूर बघून आतल्या आत झुरेल. शंभर लाडवांची तेवढी किंमत द्यायला ती तयार नव्हती. कोठ्यातली नवी चूल तीन दिवस थंड राहिली.

पंधराव्या दिवशी साहेब बरोबर आला. जोडे काढले, कोठ्यात वाकून पाहिलं, चूल पाहिली. चांगली मांडलीय, पण हिच्यात अजून जाळ का केला नाही, त्यानं विचारलं. गोकुळानं पदर सावरून सांगितलं की साहेब, मला कागद नको. तुम्हाला दोनदा त्रास झाला, त्याची माफी करा.

साहेब गोंधळला. तो काही विचारणार तोच गुणाबाई पुढं आली. ती गेले तीन दिवस कोणाशी फारसं बोलली नव्हती, चुलीपुढं बसून विचार करत होती.

"साहेब, तुमी खरंच सांगतलं होतं का, का चूल वेगळी कर मनून?"

साहेब हो म्हणाला आणि त्यानं तिला सगळं पुन्हा समजावलं, मासळीचं, माळकऱ्यांचं, कायद्याचं. म्हातारीनं सुनेकडं एकदा पाहिलं. त्या पाहण्यात माफी होती, आणि गोकुळाला ती पोचली. मग म्हातारीनं साहेबाला विचारलं की तुमच्या घरी चुली किती. साहेब म्हणाला, मी एकटाच राहतो, खानावळीत जेवतो. गुणाबाईला त्याची फार कीव आली. एकही चूल नसलेला माणूस दुसऱ्याला दोन मांडायला सांगतो, हे तिनं पुढं आयुष्यभर हसत सांगितलं. पण त्या वेळी ती हसली नाही.

"अजून एका गोष्टीचा जवाब द्या," ती म्हणाली. "त्या कागदात असं लिवलं आहे का, का नव्या चुलीचा इस्तो कुठून आनाचा?"

विस्तवाला त्यांच्याकडं इस्तो म्हणतात, ते साहेबाला माहीत होतं. त्यानं खरोखरच कागद दोन्ही बाजूंनी वाचला. चूल आहे, भांडी आहेत, पाणी आहे, झाकण आहे, तो म्हणाला. विस्तवाबद्दल काही नाही. कुठूनही आणा. काडीपेटीनं पेटवलीत तरी चालेल.

"काडीपेटीनं कायले?" गुणाबाई म्हणाली आणि घरात गेली.

आत ती वाकलेली दिसत होती. तिनं राख सारली, खापराच्या तुकड्यावर लालभडक निखारा घेतला, वर दुसरं खापर धरलं आणि अंगणात आली. वीस वर्षांपूर्वी जाऊ ज्या अंगणातून लोहाराचा विस्तव घेऊन गेली होती त्याच अंगणातून ती चालत होती, हळूहळू, दुखरा हात छातीशी धरून. गोकुळा तिच्या हातातलं खापर घ्यायला पुढं झाली तर तिनं मानेनंच नाही म्हटलं. कोठ्यात जाऊन तिनं निखारा नव्या चुलीत ठेवला, वर काटक्या रचल्या आणि कमरेची फुंकणी काढली. सासूनं दिलेलीच ती. दोनदा फुंकलं. धूर झाला, मग जाळ.

"वाटनीत इस्तो देत नाई आमच्यात," ती साहेबाला म्हणाली, पण ऐकवायचं होतं सुनेला. "हा मी देऊन राह्यली. मंग ही वाटनी झाली का?"

साहेबानं नाही म्हटलं. त्याला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यानं तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून लायसन लिहिलं, आणि लिहिताना धूर डोळ्यांत गेल्याचं सांगत दोन वेळा मफलरनं डोळे पुसले. त्यानं जाताना लाडू घेतला नाही, नेमात बसत नाही म्हणाला. तेव्हा गुणाबाईनं त्याला जेवायला बसवलं. जेवण नेमात बसतं की नाही हे विचारायला तिनं त्याला सवड दिली नाही. त्या दिवशी मुंडकं साहेबाच्या ताटात गेलं. ते कसं खायचं हे त्याला माहीत नव्हतं, आणि दोघींना ते बघवेना.

लाडू चालले. दादाजीच्या बरणीतून ते मोटारीनं कुठं कुठं गेले ते गोकुळालाही माहीत नव्हतं. गुणाबाईचं तलावावर जाणं सुटलं. ती कोठ्यात बसून मुरमुरे चाळायची, लाडू मोजायची आणि मोजताना चुकायची. दोन गोष्टी मात्र तिनं कधी सोडल्या नाहीत. रोज सकाळी घरच्या चुलीतला निखारा खापरावर घेऊन ती कोठ्यात न्यायची. तिथला विस्तव राखेखाली जिवंत असला तरी न्यायची. आणि वरवंटा. तो तिनं त्या दिवसापासून पाट्यावर ठेवलाच नाही. आपल्या अंथरुणाच्या उशाशी ठेवायची. गोकुळानं रोज मिरच्या पाट्यावर घ्यायच्या आणि म्हणायचं, आत्या, वरवंटा द्या जी. मग म्हातारी कुरकुरत उठायची, इतक्या वर्षांत तुला एक वरवंटा सांभाळता येत नाही का, असं म्हणत आणून द्यायची. तिच्या तोंडावरचं सुख त्या वेळी बघण्यासारखं असायचं.

दोन वर्षांनी, धानाची मळणी सुरू असताना, गुणाबाई गेली. आजारी पडली नाही, कोणाला त्रास दिला नाही. संध्याकाळी निखारा गोवरीत घालून निजली ती सकाळी उठलीच नाही.

सुतकात घरची चूल पेटवत नाहीत. सोमारी आणि शेजारणी आपापल्या घरून भाकर-कालवण आणत होत्या. तिसऱ्या दिवशी चुलीतली राख गार झाली. सोमारीनं त्यात हात घालून पाहिला आणि ती रडायला लागली. किती पिढ्यांचा विस्तव होता, म्हणाली, म्हातारीबरोबर तोही गेला. पत्रू छकडा घेऊन आला होता. आता तरी चल, तो बहिणीला म्हणाला, आता तुझं इथं कोण आहे? गोकुळा उठून मागच्या कोठ्याकडं गेली.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळा मागच्या कोठ्यात गेली. तेरा दिवस तिथं काही शिजलं नव्हतं, लाडू बंद होते. पण रोज सकाळ-संध्याकाळ तिनं तिथल्या राखेत एक गोवरी सरकवली होती. शिजवायला मनाई असते, विस्तव जपायला नसते, एवढं तिनं मनाशी ठरवून घेतलं होतं. तिनं राख सारली. निखारा होता. तिनं तो त्याच खापरावर घेतला आणि अंगणातून घरात आणला. गुणाबाई रोज जायची त्याच वाटेनं, पण उलटी. घरच्या चुलीत ठेवला आणि फुंकणीनं फुंकला.

दारात पत्रू उभा राहून बघत होता. जाळ धरला तसा तो मागं वळला आणि छकड्याला बैल जुंपायला गेला. त्याला उत्तर मिळालं होतं.

भावाला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून गोकुळानं भात चढवला. मग मिरच्या, लसूण, मीठ पाट्यावर घेतलं, आणि मान वर न करता ती म्हणाली, "आत्या, वरवंटा द्या जी."

तिनं सवयीनं हात पुढं केला. मग उठली, रिकाम्या अंथरुणाच्या उशाशी गेली आणि वरवंटा घेऊन आली. मिरची वाटून झाल्यावर तिनं तो धुतला, पुसला आणि परत तिथंच नेऊन ठेवला.